सहमतराव

आमच्या खिळ्यांच्या कारखान्यातल्या फोरमनबद्दल मी चार ओळी लिहाव्यात, इतकी माझी त्यांची ओळख होती का, याचीच मला शंका आहे. मी पॅकिंगला, ते यंत्रांच्या दालनात. मधे भिंत. सोमवारच्या मीटिंगला मात्र आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसलो. त्यांच्या डब्याचं झाकण कुठल्या बाजूने चेपलेलं होतं ते मला आजही सांगता येईल. पण त्यांच्या मनात काय चालायचं, ते विचारू नका. ते गेले तेव्हा पोचवायला मोजकीच माणसं होती. कोणीतरी दोन शब्द बोलावेत म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा जे बोललो नाही, ते इथे जमेल तसं लिहितो.

खिळ्यांचं दालन ज्याने पाहिलं नाही त्याला तिथला आवाज सांगून कळणार नाही. तारेचं वेटोळं एका बाजूने यंत्रात शिरतं, आत तार कापली जाते, टोक निघतं, डोक्यावर घाव बसतो आणि खिळा खाली पडतो. अशी यंत्रं ओळीने, सगळी एकदम चालू. तिथे माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. मी कधी आत गेलोच तर कानांवर हात ठेवून बाहेर यायचो. फोरमन मिसरूड फुटल्यापासून त्या आवाजात उभे होते.

आमचे जुने साहेब म्हणायचे, "यंत्रापुढे माणसाचं कोणी ऐकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा दार लावून एकमेकांचं ऐकायला बसायचं. मीटिंग म्हणजे दुसरं काय?" तेव्हा गोल टेबल होतं. साहेबांचा जबडा मोठा, एकेक शब्द चावून बोलायचे. आणि फोरमन त्यांच्याशी भांडायचे. एकदा खराब तार आली, तर त्यांनी मूठभर वाकडे खिळे टेबलावर ओतले.

"साहेब, हे लाकडात जायचे नाहीत. माझ्या डोक्यात मात्र गेलेत."

साहेब खो खो हसले. तार परत गेली.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. माणूस वाईट नव्हता, शिस्तीचा होता. त्यांनी मीटिंगच्या खोलीच्या दारावर नियम लावले. फोन बंद. एका वेळी एकानेच बोलायचं. झालेला विषय पुन्हा काढायचा नाही. शेवटी संबंधित खात्याच्या प्रमुखाने उभं राहून एकाच शब्दात सांगायचं: सहमत किंवा असहमत. गोल टेबल गेलं, शाळेसारख्या खुर्च्यांच्या ओळी आल्या. साहेब भिंतीवर चित्रं दाखवत आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीलाच सांगितल्यासारखं हळू आवाजात बोलत.

तेव्हापासून फोरमन बदलले. भांडण नाही, प्रश्न नाही. त्यांची पाळी आली की मी कोपराने ढोसायचो, ते उभे राहून सदरा नीट करायचे आणि म्हणायचे, "सहमत." खाली बसायचे. मला वाटायचं, डोळा लागत असेल बिचाऱ्याचा. बाकीच्यांना वाटायचं, मिंधा झाला. आमचा मेंटेनन्सचा मिस्त्री जिभेने तिखट. तो म्हणाला, "साहेब म्हणाले, चला सगळे विहिरीत उडी मारू, तर हा आधी सदरा नीट करील आणि म्हणेल सहमत." तेव्हापासून त्यांचं नाव पडलं सहमतराव. तोंडावर कोणी म्हणत नसे. म्हटलं असतं तरी चाललं असतं, हे मला नंतर कळलं.

फोरमनची बायको आधीच वारली होती. एकुलती एक मुलगी, तिचं लग्न त्यांनी आपल्याच हाताखालच्या एका कारागिराशी लावून दिलं होतं. जावई यंत्रांच्या दालनातच होता. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज संध्याकाळी बापाकडे चक्कर मारायची.

त्या सोमवारी साहेबांनी भिंतीवर एक रेघ दाखवली. ती खाली खाली जात होती. रेघेकडे बोट दाखवत, भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले की तयार खिळे बाहेरून घेणं स्वस्त पडतं. जुनं दालन बंद करायचं. पॅकिंग राहील, दालनातली माणसं कमी होतील. "संबंधित प्रमुख?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. माना वळल्या म्हणजे आपली पाळी, एवढं फोरमनना कळलं. ते उठले. सदरा नीट केला.

"सहमत."

मिस्त्री पुढच्या ओळीतून मागे वळून बघतच राहिला. साहेब म्हणाले, "तुमचा समजूतदारपणा मोठा आहे." फोरमननी मान हलवली आणि खाली बसून खिशातला कंगवा काढून केस विंचरले.

फाटकाशी जावई उभा होता. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"मामा, आमच्या अन्नात माती कालवताना हात कसा कापला नाही तुमचा?"

फोरमन त्याच्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं?"

"काय झालं विचारता? दालन बंद करा म्हणून तुम्हीच सांगून आलात ना आत?"

तेव्हा त्यांचा चेहरा जो उतरला, तो मला वाटलं शरमेने उतरला. संध्याकाळी लेकीने दारातूनच सांगितलं, "बाबा, आता मी येणार नाही. तुम्हीही येऊ नका."

त्या गडबडीत त्यांचा डबा मीटिंगच्या खोलीतच राहिला होता. रविवारी दुपारी मी तो द्यायला गेलो. दार लोटलेलं होतं. हाका मारल्या. आतून कुकर सारखा किंचाळत होता. आत जाऊन पाहतो तर फोरमन ओट्याकडे पाठ करून खाली बसलेले, शांतपणे कांदा चिरत होते. कुकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मी गॅस बंद केला. माझी सावली पडली तेव्हा ते दचकले.

"कधी आलात?"

"मघाशीच. हाका मारतोय."

त्यांनी कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुरी खाली ठेवली.

"म्हणजे कळलं तुम्हाला."

"अजिबात येत नाही ऐकू?"

"जरा तोंड इकडे करून बोला. आणि मिशा कापा हो, शब्द अडकतात त्यांत." ते हसले. मलाही हसू आलं.

मग ते हळूहळू बोलले. यंत्र बिघडलं तर पायाला कळतं, म्हणाले. ठोका छातीला कळतो. माणसांचंच कळत नाही. जुने साहेब तोंड उघडून बोलायचे म्हणून निभावलं.

"मग विचारायचं ना, काय म्हणालात म्हणून?"

"एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा माणूस लाजतो. बहिरा फोरमन कोण ठेवील? सहमत म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही."

"लेकीला सांगा."

"तिला सांगून काय? नवऱ्याची नोकरी तर मीच घालवली. आधी ती परत मिळवतो, मग सांगतो." मग म्हणाले, "उद्या मीटिंगमध्ये उभा राहून सांगणार, मी ऐकलंच नव्हतं. मग तो सहमत कसला? रद्द करावाच लागेल."

मलाही तसंच वाटलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी साहेबांनी पहिलं चित्र लावायच्या आतच फोरमन उठले. सदरा नीट केला.

"साहेब, मागच्या वेळी तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नव्हतं."

खोलीत हशा पिकला. कसा पिकणार नाही? कानांवर हात ठेवायचे असले की आपण सगळे हेच म्हणतो. मिस्त्री म्हणाला, "जावयाने कान उपटल्यावर एकदम कान गेले वाटतं!"

मी उठलो. "साहेब, त्यांना खरंच ऐकू येत नाही. मी..."

"एका वेळी एकानेच बोलायचं," साहेब म्हणाले. "आणि झालेला विषय पुन्हा काढायचा नाही. नियम दारावर आहेत."

मिस्त्री पुटपुटला, "वकीलसुद्धा आणलाय."

फोरमन बोलतच होते. त्यांना हशा ऐकू आला नव्हता, फक्त दात दिसत होते. साहेब भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "तेव्हा दालनाचा निर्णय झाला तसाच कायम." एवढं बोलून त्यांनी फोरमनकडे वळून पाहिलं. साहेबांबरोबर सगळ्या माना वळल्या.

मी त्यांची बाही ओढली. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखा ढोसतोय.

"सहमत," ते म्हणाले.

या खेपेला कोणी हसलं नाही.

दालन बंद झालं. यंत्रं भंगारात गेली, फोरमन घरी बसले. मी जावयाला त्याच्या घरी गाठून सगळं सांगितलं, कुकरसकट. तो म्हणाला, "काका, तुम्ही भोळे आहात. मिस्त्रीने सांगितलं आम्हाला ते नाटक. ऐकू येत नव्हतं, मग सहमत बरं बोलता आलं? तेही दोनदा?" लेक आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. पुढे दोघं कामासाठी दुसऱ्या गावी गेली. तिथून बस येते ती आमच्याच स्टॉपवर थांबते.

फोरमन दुपारी त्या स्टॉपवर येऊन बसायचे. घरात करमत नाही, म्हणायचे. मी कामावरून सुटलो की मला तिथूनच बस धरावी लागे, त्यामुळे भेट व्हायची. आता ते ओठसुद्धा नीट वाचेनात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. शेवटचे भेटलो तेव्हा थंडी सुरू झाली होती. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"मिशा बऱ्या कापल्यात."

"तुमच्यासाठीच कापल्या."

"काय?"

"म्हटलं, बरं वाटतं."

ते हसले. वळणावर गाडी दिसली. मी उठलो, त्यांच्यासमोर जाऊन म्हणालो, "बस आली."

ते झटकन उभे राहिले. सदरा नीट केला. "पोर आली?"

"बस. बस आली."

"अच्छा, बस," ते म्हणाले. "चढा तुम्ही. सांभाळून, पायरी उंच आहे."