काकाची डुप्लिकेट आणि कुणाची तरी ओरिजनल

आमचा धाकटा काका दिवसभर दुकानात गाद्या उचलतो आणि संध्याकाळी एका हॉटेलात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. लोक जेवत राहतात, बोलत राहतात, तो वाजवत राहतो. गिटार डुप्लिकेट. आकार तोच, रंग तोच, फक्त टोकावर कंपनीचं नाव नाही. वायर जोडली की गुणगुणते, बाटलीत माशी कोंडल्यासारखी, झ्झ्झ. मी तो आवाज हुबेहूब काढते तेव्हा सगळे हसतात. काका मात्र खांदा चोळत म्हणतो, "ओरिजनल हातात असती ना, तर गाद्या उचलल्या नसत्या मी."

काकू मान वर न करता म्हणते, "नाचता येईना, अंगण वाकडं."

हे त्यांच्या लग्नापासून चाललंय. पण या वेळी काकाने खरंच स्कूटरला गिऱ्हाईक आणलं. स्कूटर विकायची, ओरिजनल घ्यायची. काकू त्याच स्कूटरवर कामाला जाते. ती एवढंच म्हणाली, "आधी वाजवून बघा. फरक पडला तर किल्ली मीच देते त्या माणसाला."

गिटारी दुरुस्त करणाऱ्याकडे कुणाची तरी ओरिजनल तारा बदलायला आली होती. काकाने मलाही नेलं. "सगळ्यांच्या नकला करतेस ना? मग ऐक. भिंतीकडे तोंड कर."

"आरामात हां शेठ," दुरुस्तीवाला नाकातून म्हणाला, "लोकांची वस्तू आहे."

आधी डुप्लिकेट वाजली, मग ओरिजनल. खोटं कशाला बोलू, फरक होता. झ्झ्झ अजिबात नाही. एक तार छेडली की सूर असा रेंगाळायचा, जेवण झालेल्या पाहुण्यासारखा, उठायचं नावच नाही.

मग काकाने त्याची नेहमीची धून घेतली. तिच्यात एक चढ आहे. तिथे त्याचं तिसरं बोट उशिरा पोचतं. डुप्लिकेटवर ते झ्झ्झमध्ये बुडून जायचं. इथे लख्ख ऐकू आलं. टिंग, टिंग, टिं... ग. त्याने पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच. दुरुस्तीवाला उगाचच खोकला.

"काय गं? कसं वाटलं?"

"गिटार मस्त आहे."

"गिटारचं नाही विचारलं मी."

मी वळले आणि तोंडाने धून काढून दाखवली. जशी ऐकली तशी, त्या उशिरासकट. काका आपल्या बोटाकडे बघत राहिला. मग डुप्लिकेट पिशवीत घालत हळूच म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं ही बिचारी मला सांभाळून घेत होती."

घरी आलो तर काकू दारातच उभी होती, स्कूटरची किल्ली मुठीत. "मग? काय सांगू त्या माणसाला?"

"नको म्हणून सांग."

काका पायरीवरच बसला, पिशवी मांडीवर घेऊन. आता अंगण येणार, म्हणून मी कान टवकारले. काकूने तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं.

"उठा," ती म्हणाली, "हॉटेलला उशीर होईल. मी सोडते."

तिने स्कूटर काढली. काका मागे बसला. दोघांच्या मध्ये डुप्लिकेट.