सुलभाताईंचं टेबल

मिल्टन कीन्समध्ये आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सुलभाताई दारात. मला वाटलं, नव्या बिऱ्हाडासाठी काही खायला आणलंय. कसलं काय! हातात मतदार नोंदणीचा फॉर्म. म्हटलं, मी व्हिसावर आलेली, पासपोर्ट भारतीय, माझा काय संबंध? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. कॉमनवेल्थवाल्यांना, म्हणजे आपल्या भारतीयांनाही, इथे मत असतं म्हणाल्या, युरोपच्या पार्लमेंटला इथून खासदार जातात त्यांच्या निवडणुकीतसुद्धा. मला काही ते खरं वाटलं नाही. सही केली, कारण त्या पेन पुढे धरून उभ्याच होत्या.

ताई सत्तरीला टेकलेल्या. प्रत्येक निवडणुकीत शाळेच्या हॉलमध्ये टेबलामागे बसून, यादीत नाव बघून मतपत्रिका द्यायचं काम त्यांचं. "टेबलाशी बसलं की नाती बाहेर, ओल्या छत्र्यांबरोबर," असं त्या नेहमी म्हणत. सख्ख्या नवऱ्यालाही तिथे पूर्ण नाव-पत्ता सांगावा लागे.

त्यांची सून इनेस पोर्तुगालची, बारा वर्षं इथे राहिलेली. मराठी मोडकं, पण बिनधास्त. हा देश युरोपातून बाहेर पडायला निघालेला, त्यावरच्या सार्वमतात तिला मत नव्हतं. म्हणून त्या मे महिन्यात युरोपची निवडणूक लागली तेव्हा, या वेळी तरी मला बोलायचंय, असं ती सारखी म्हणायची. तिला एक जादा फॉर्म आला होता, युरोपियन नागरिकांनी भरायचा, मत मायदेशी न देता इथेच देणार म्हणून. माझ्यासमोरच तिने ताईंना विचारलं. ताईंनी तो धड वाचलासुद्धा नाही. दर वेळी कौन्सिलला, इथल्या नगरपालिकेला, मत देतेस, नाव यादीत आहे, फेकून दे तो, म्हणाल्या. निवडणुकीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

मतदानाच्या दिवशी रांगेत इनेस माझ्या पुढे होती. तिने नाव सांगितलं. ताईंची पट्टी यादीवरून खाली सरकली आणि थांबली. नावाशेजारी खूण होती: या निवडणुकीत मत नाही. तो फॉर्म भरला नव्हता ना!

"आई, तुम्हीच म्हणाला नको."

"हो, मीच म्हणाले. चूक माझी आहे." ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पण कागद देता येणार नाही, बाळा."

इनेस रांगेतून बाहेर पडली आणि निघून गेली. मी चाट पडले. मग माझा नंबर. चार महिन्यांपूर्वी विमानातून उतरलेली मी, आणि मला त्यांनी मतपत्रिका दिली! असला उलटा न्याय मी जन्मात पाहिला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुली कुठे मारली, आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर ताई नुसत्या बसून होत्या. "पुढच्या वेळी आधी तिचा फॉर्म भरायचा," म्हणाल्या. पुढची वेळ कुठली? वर्षाच्या आत ते सगळे खासदार घरी परतले. त्या पार्लमेंटमधल्या इथल्या खुर्च्याच गेल्या.

ताईंनी टेबलाचं काम सोडलं. नंतर कौन्सिलची निवडणूक आली, तेव्हा त्या सुनेला घेऊन आल्या. टेबलामागच्या नव्या मुलीने आधी ताईंचंच नाव विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, इनेसला पुढे केलं आणि तिचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. सुनेच्या हातात कागद पडेपर्यंत त्यांनी स्वतःचं नाव काही उच्चारलं नाही.