सकाळी सहाची उंची

सबनीसांच्या घरून केइकोवहिनींचा फोन आला तेव्हा मी चाळीस किलो कांदा परतत होतो. आता हे वाचायला सबनीस असते तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून लगेच विचारलं असतं, ‘कशानं मोजलात, पाटणकर?’ कांदा चार किलो होता. पण फोन खरा होता. ‘हे गेले,’ वहिनी म्हणाल्या, ‘सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी.’ जन्मानं जपानी असलेल्या या बाईनं नवऱ्याचं नाव न घेणं कोल्हापूरच्या सासूकडून उचललं होतं आणि मिनिटं नवऱ्याकडून. मी गॅस बंद केला. कांदा करपला होता… पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगतो.

नागोयाच्या बाहेर एका खासगी विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं करीचं दुकान आहे. मी मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आलो आणि आचारी होऊन राहिलो, त्याची हकिगत मी दर वर्षी वेगळी सांगतो. सबनीसांची हकिगत मात्र एकच होती आणि ती ते कोणालाच सांगत नसत. विद्यापीठाच्या यंत्रशाळेत मापनाच्या खोलीचे ते प्रमुख होते. खोली तळघरात, तापमान बारा महिने वीस अंश. तिथे मोजायला आणलेला पोलादाचा तुकडासुद्धा आधी काही तास नुसता पडून राहायचा, खोलीशी त्याचं जमेपर्यंत. मी भेटायला गेलो की मलाही ते अर्धा तास बाकावर बसवून ठेवत आणि मगच बोलत, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. जपानी गिऱ्हाइकांना ते अगदी योग्य वाटायचं. मुद्दा इतकाच, की विद्यापीठातलं कुठलंही माप सबनीसांचा शिक्का असल्याशिवाय माप धरलं जात नसे, आणि हा सावळा, बुटका गृहस्थ काय म्हणतो याच्यापुढे मोठमोठे प्राध्यापक मान तुकवत.

इतका मोठा माणूस तळघरात का बसून राहिला, हा प्रश्न सगळ्यांना पडे. एका मोठ्या मोटार कंपनीनं त्यांना बोलावलं होतं, तेही जपानच्या तेजीचा फुगा फुटण्याआधी, जेव्हा कंपन्या माणसांना टॅक्सीतून पळवून नेत. सबनीस गेले नाहीत. कारण विद्यापीठाचा एक नियम होता. कायम नोकरीतल्या माणसाच्या मुलाला तिथे प्रवेश मिळाला, तर चारही वर्षांची फी माफ. अट एवढीच, की बाप किंवा आई तोवर नोकरीत हवी. त्यांची मुलगी मीना चार वर्षांची असताना ते नोकरीला लागले आणि तेव्हापासून त्यांनी तो नियम छातीशी धरला. मुलीला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही, असं ते एकदाच बोलले होते, माझ्या दुकानात, ताकाचा पेला पुढ्यात असताना. मग लगेच पेला किती मिलिलिटरचा आहे ते विचारलं.

मीना वाढत गेली. कोणावर गेली कोण जाणे… बाप माझ्या खांद्याला, आई बापाच्या कानाला, आणि ही मुलगी स्टुलाशिवाय ट्यूबलाइट बदलणारी. शाळेच्या बास्केटबॉल संघात सात नंबरची जर्सी. मराठी सगळं समजायचं, उत्तर जपानीत. दर वाढदिवसाला सबनीस तिला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करत. घर भाड्याचं, त्यामुळे खांबावर रेघ मारायची नाही. म्हणून त्यांनी एक लाकडी पट्टी दोन स्क्रूंनी बसवली होती. मोजायची वेळ संध्याकाळी सात, कामावरून आल्यावर. डोक्यावर काटकोन्या, कडक पेन्सिल, आणि रेघेशेजारी बारीक अक्षरात आकडा आणि ‘सं. ७’. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, ‘अहो, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर मुलगी काय आटणार आहे?’ ते म्हणाले, ‘आटते.’ मी हसलो. ते हसले नाहीत.

आता माझं पाप सांगतो. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचा कोच, कोंदो-सान, माझं गिऱ्हाईक. शनिवारी दोन प्लेट करी आणि कपाळभर घाम. तो आसपासच्या शाळांतून मुली हेरत हिंडायचा, पण उंच मुली क्योतो-तोक्योची विद्यापीठं आधीच उचलून न्यायची. त्या वर्षी त्याला एका उंच मुलीची जागा मंजूर झाली होती, खेळाच्या कोट्यातून, फी माफ. अट अशी, की उंची किमान एकशे सत्तर सेंटिमीटर हवी. बिचारा तोंड पाडून बसला होता. मी म्हटलं, ‘तुमच्या नाकासमोर सबनीस-सानची मुलगी आहे. एकशे अठ्ठ्याहत्तर!’ वर हेही सांगितलं, की तिचे पणजोबा झाडावर न चढता नारळ काढत. कोंदो-साननं दुसरी प्लेट तशीच टाकली आणि सायकलवरून तिच्या शाळेकडे सुटला.

तिचा खेळ त्याला पसंत पडला. तिथून सबनीसांच्या घरात वादळ आलं. वादळ म्हणजे काय, तर त्या घरात तीन माणसं जेवताना बोलेनाशी झाली. सबनीसांचं म्हणणं सरळ होतं. कोट्यातली माफी संघात आहेस तोवर, गुडघा गेला की माफी गेली. नोकरीची माफी बापाच्या जिवावर, तिला गुडघा नाही. आणि एका मुलीला एका वेळी एकच माफी. मी त्या दिवशी डबा घेऊन गेलो होतो आणि दारातच अडकलो.

‘मला सबनीस-सानची मुलगी म्हणून नाही जायचं,’ मीना जपानीत म्हणाली.

‘मग कोण म्हणून जायचंय?’ सबनीस मराठीत.

‘सात नंबर म्हणून.’

सबनीसांनी भातातला खडा शोधल्यासारखं ताटात पाहिलं. जपानी तांदळात खडा नसतो. वहिनी म्हणाल्या, ‘पाटणकर-सान, बसा ना,’ आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न बोलता जेवलो.

चार दिवसांनी कोंदो-सान उंचीचा कागद घेऊन घरी आला. संध्याकाळचे सात. मीही समोसे घेऊन हजर, कारण माझ्या एकशे अठ्ठ्याहत्तरचं काय होतं ते पाहायला हवं होतं. कोचनं मीनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे समोसा उचलला. मग म्हणाला, की उंचीचा दाखला डॉक्टरचा लागतो, पण सबनीस-सानचा शिक्का असेल तर आमच्या समितीत डॉक्टरला कोण विचारतो? तुम्हीच मोजा, मी आकडा लिहितो. कागदावर फक्त एक रकाना होता.

माझी नजर पट्टीवर गेली. वाढदिवसाची रेघ, सतरावी, एकशे एकोणसत्तर पूर्णांक चार. म्हणजे पट्टीसमोर मुलीला उभं करायचं, खरा आकडा सांगायचा, आणि प्रकरण मिटलं. कोच नमस्कार करून गेला असता, मुलगी बापाच्या माफीत शिकली असती, चौदा वर्षं सार्थकी लागली असती. आणि सबनीस एका शब्दानंही खोटं बोलले नसते. माझ्यासारख्याला तर हे फुकट मिळालेलं सोनं वाटलं.

सबनीस काटकोन्या हातात घेऊन उभे राहिले. किती वेळ… मी म्हणेन अर्धा तास, घड्याळ म्हणेल अर्धं मिनिट. मग म्हणाले, ‘कोंदो-सान, माणूस दिवसभरात आखडतो. पाठीचे मणके दबतात. संध्याकाळचं माप आणि सकाळचं माप एक नसतं. जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक पडतो. तुमच्या कागदावर वेळ लिहिलेली नाही.’

कोंदो-सान समोसा धरून थांबला. ‘मग नियम काय आहे?’

‘नियम नाही. दोन्ही मापं खरी आहेत. ज्याचं माप घ्यायचं, त्यालाच विचारायला हवं.’ आणि ते मुलीकडे वळले. ‘मीना, कधी मोजू?’

तिला समजलं. आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तिलाही समजलं. मीनानं बापाकडे पाहिलं आणि जपानीत म्हणाली, ‘सकाळी.’

‘मग उद्या सहाला. तोवर आडवी राहा,’ सबनीस म्हणाले आणि काटकोन्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी मीनाला गादीसकट पालखीसारखं उचलून पट्टीपर्यंत आणलं, असं मी गेली पाच-सहा वर्षं सांगत आलो आहे. खरं म्हणजे ती स्वतःच चार पावलं चालली. केस विस्कटलेले, डोळे मिटलेले, पायात मोजे नाहीत. सबनीसांनी तिच्या डोक्यावर काटकोन्या टेकवला आणि पट्टीवर रेघ मारली. एकशे सत्तर पूर्णांक तीन. कोंदो-साननं आकडा लिहिला, सबनीसांनी शिक्का मारला आणि रोजच्या बसनं तळघरात गेले. बसथांब्यापर्यंत मी बरोबर होतो. म्हटलं, ‘अहो, तुम्ही गप्प बसला असतात तर?’ ते म्हणाले, ‘तर मला रोज सकाळी आठवलं असतं.’ बस आली.

मीना चार वर्षं खेळली. पहिली दोन बाकावर बसून. तिसऱ्या वर्षी गुडघा दुखावला, सहा आठवडे प्लास्टरमध्ये होती, आणि पुन्हा उभी राहिली. त्या मोटार कंपनीनं मधेच दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हाही सबनीस गेले नाहीत. आता तर त्यांना अडकवणारं काही उरलं नव्हतं, म्हणून मी त्यांना भरपूर चिडवलं. ‘सवय झालीय,’ म्हणाले. गेल्या महिन्यात वहिनींना खणात चार अर्ज सापडले. कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या फीमाफीचे, दर एप्रिलला एक, सगळे भरलेले, शिक्क्यासकट. तारखेचा रकाना तेवढा कोरा. गुडघा गेला असता, तर त्या दिवशीची तारीख घालायची होती… मुलीला कधी कळू दिलं नाही. मलाही नाही. मला कळलं असतं तर सगळ्या नागोयाला कळलं असतं.

जपानी रिवाजाप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपून आम्ही घरी बसलो होतो. मीना आता एका शाळेत खेळ शिकवते, तिथून संध्याकाळच्या गाडीनं आली. वहिनी घर बदलणार आहेत, सामान बांधून झालं होतं. पट्टी तेवढी जागेवर होती, तिचे दोन स्क्रू काढायला मला बोलावलं होतं. मी खाली बसून एकेक रेघ पाहिली. तळापासून वरपर्यंत सं. ७, सं. ७, सं. ७… आणि सगळ्यात वर एकच, ‘स. ६’. तिच्यावर पुन्हा रेघ नाही. वहिनी म्हणाल्या, ‘एकदा उभी राहा ना.’ मीनानं बॅग ठेवली, पाठ लावून उभी राहिली. वहिनींनी खणातून काटकोन्या आणला, त्या स्टुलावर चढल्या आणि तो तिच्या डोक्यावर ठेवला. काटकोन्या वरच्या रेघेला पोचला नाही. करंगळीच्या जाडीएवढा कमी.

मी काहीतरी बोलणार होतो. इतकी मोठी थाप तयार होती, की खोलीत मावली नसती.

‘संध्याकाळ झालीय, काका,’ मीना म्हणाली. मराठीत.