माझ्या वाटचे जिने

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला माहीत होतं, ती गोष्ट वेगळी. परवा मला कामावरून निरोपाचा नारळ मिळाला, शाल मिळाली, चार माणसं माझ्याबद्दल चांगलं बोलली. ते ऐकल्यापासून घास उतरत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतोय.

मी मुलुंडला गॅसचे बाटले पोचवायचो. तुमच्या घरचा बाटला कुणाच्या खांद्यावरून येतो, याचा तुम्ही कधी विचार केला नसेल — करायलाच हवा असंही नाही. चार मजली सोसायट्या, लिफ्ट नाही. भरलेला घेऊन वर जायचं, रिकामा घेऊन खाली यायचं. हातगाडी एकटी सोडायची सोय नव्हती. लोक गॅससाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले. बाटला डोळ्यांदेखत नाहीसा व्हायचा. म्हणून आम्ही जोडीने जायचो. एका इमारतीत एकाने चढायचं, दुसऱ्याने गाडी राखायची. पुढच्या इमारतीत उलट.

माझा जोडीदार शांताराम. देवगडकडचा, अंगाने बेताचा, पण त्याच्या खांद्यावर बाटला ठेवला की जागचा हलायचा नाही. शिव्या तोंडात कायम. मी साताऱ्याचा म्हणून मला घाटी म्हणायचा, आणि दगडूचं दगड्या त्यानेच केलं. पण गावाहून परत आला की आंबापोळी आधी माझ्या घरी यायची, मग त्याच्या घरी जायची.

खांद्यावर प्रत्येकाची आपली गोणपाटाची घडी असते. आमच्यात एक रीत होती. ज्याची पाठ धरली, त्याने आपली घडी जोडीदाराला द्यायची. जोडीदार ती आपल्या घडीवर ठेवायचा. एका खांद्यावर दोन घड्या दिसल्या की गोडाऊनवर सगळ्यांना कळायचं, हा दोघांचं उचलतोय. आणि पाठ बरी झाली का, असं कुणी कधी विचारायचं नाही. बरी झाली की माणूस आपणहून घडी परत मागतो. विचारणं म्हणजे संशय घेणं, आणि संशय घेतला तर जोडी कसली?

बघा, अजून मी आडवळणानेच चाललोय.

एका श्रावणात ओल्या जिन्यावर पाय सरकला आणि माझ्या पाठीत उसण भरली. खरीच भरली, त्यात खोटं नाही. मी घडी काढून शांतारामला दिली. तो एक शिवी हासडून म्हणाला, "तू खाली ऱ्हव. मी जातंय वर." एवढंच.

दसऱ्याच्या आत पाठ ठणठणीत झाली. घडी मागायची होती. म्हटलं, उद्या मागू. मग म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ दे. गाडीच्या दांड्यावर सावलीत बसायचं, कोपऱ्यावरून चहा यायचा. खिडकीतून बायका विचारायच्या, "दादा, पाठ कशी आहे?" जन्मात कुणी माझी एवढी विचारपूस केली नव्हती. मी कमरेवर हात ठेवायला शिकलो. उठताना कण्हायला शिकलो. पुढे पुढे तर आजूबाजूला कुणी नसलं तरी कण्हायचो.

किती दिवस म्हणाल? दिवस नाहीत हो — वर्षं. शांतारामची पोरगी तेव्हा फ्रॉकमध्ये होती. तिला साडी नेसवून पाहुण्यांना दाखवायला लागले, तरी माझी घडी त्याच्याच खांद्यावर.

मध्ये गिरण्यांचा संप झाला. त्याच्या भावाची नोकरी गेली, भावाचं बिऱ्हाड त्याच्या खोलीत येऊन राहिलं. कामाला माणसं पैशाला पासरी झाली होती, त्यामुळे एक दिवस घरी बसायची त्याला चोरी. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

घरी बायकोने एकदा मला नळावरून भरलेलं पिंप उचलून आणताना बघितलं. म्हणाली, "नळावर बरी असते तुमची पाठ." मी तिच्यावर ओरडलो. त्या विषयावर ती कायमचीच गप्प बसली, आणि बाकीच्या विषयांवरही फारशी बोलली नाही.

मग शांतारामचे गुडघे कुरकुरायला लागले. मी खाली बसून ऐकायचो. पहिला मजला — पावलं नीट. दुसऱ्यावर थांबली. तिसऱ्यावर पुन्हा थांबली. तिथे कठड्याला टेकवलेल्या बाटल्याचा आवाज यायचा. तेव्हा मी काय करत होतो? चहा पीत होतो. बशीत ओतून, फुंकर घालून.

एका दुपारी नवघर रोडकडच्या एका सोसायटीत त्याचा गुडघाच गेला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो धाडकन बसला. बाटला गडगडत खाली जाऊ नये म्हणून तो त्याने पोटाशी धरून ठेवला होता. वरून एक बाई ओरडली. मी गाडी तशीच टाकून पळालो — पळालो, दोन-दोन पायऱ्या एकदम. त्याच्या मांडीवरचा बाटला उचलला, उघड्या खांद्यावर मारला, चौथ्या मजल्यावर नेऊन त्या बाईच्या ओट्याखाली ठेवला आणि खाली आलो. धापसुद्धा लागली नव्हती. वळणावर येईपर्यंत माझ्या काही लक्षातच आलं नाही.

तो भिंतीला टेकून बसला होता. माझ्या कमरेकडे बघत होता. मग म्हणाला, "पाठ सांभाळ रे, दगड्या."

एक शिवी नाही. ज्या माणसाच्या तोंडून शिवीशिवाय एक वाक्य मी ऐकलं नव्हतं, त्याने मला त्या दिवशी शिवी दिली नाही.

डॉक्टरने जिना कायमचा बंद केला. शांतारामला निवृत्तीच्या कितीतरी आधी घरी बसावं लागलं. गोडाऊनवर त्याचा निरोप झाला तेव्हा त्याने पिशवीतून माझी घडी काढली. धुऊन, वाळवून, चौकोनी केलेली. सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ह्येका वर धाडू नकात. पाठ बरी नाय ह्येची."

त्याने माझी अब्रू राखली, की मला तिथल्या तिथे जखडून टाकलं? मला अजून कळलेलं नाही. त्याचा शब्द गोडाऊनवर सगळे मानायचे. मला पुन्हा कुणी वर चढू दिलं नाही. आणि मी तरी काय केलं? नवा जोडीदार मिळाला, त्याच्या हातात तीच धुतलेली घडी ठेवली. हेच मला सांगायचं होतं. पहिलं पाप आळसाचं म्हणा, सवयीचं म्हणा, पण हे दुसरं मी पूर्ण शुद्धीत केलं. शांतारामचा गुडघा डोळ्यांपुढे असताना केलं.

परवा माझ्या निरोपाला शांताराम आला होता. कांजूरहून काठी टेकत आला. शेठ म्हणाले, अधू पाठ घेऊन या माणसाने अखेरपर्यंत इमानाने काम केलं. टाळ्या झाल्या. शांतारामनेही वाजवल्या, काठी काखेत धरून. जाताना माझ्यापाशी थांबला. सगळे ऐकत होते.

"पाठ कशी आसा रे, दगड्या?"

एवढी वर्षं गोडाऊनवर कुणी न विचारलेला प्रश्न त्याने विचारला. रीत मोडून विचारला. खरं बोलायला तेवढी जागा त्याने मला करून दिली होती, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी म्हणालो, "दुखते अधूनमधून."

त्याने मान हलवली. गोडाऊनच्या दाराला पायऱ्या आहेत. तो आडवा वळून, भिंत धरून, एकेक पायरी उतरायला लागला. पुढे होऊन त्याला हात द्यायला हवा होता. मी दिला नाही. पाठ दुखते असं नुकतंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.