शकूमावशीने न पुसलेला डाग

“शकूनं त्या नव्या गाडीतलं रगत धुतलं आन् मालकासाठी तोंड मिटून घेतलं. शेवटपत्तुर बोलली न्हाय बघा!” शकूमावशी गेल्यानंतरच्या, बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, मागच्या खुर्चीवर बसून, चहाचा घोट घेत एका गृहस्थांनी हे मला सांगितले. मला! त्या दिवशी मी त्या गाडीपासून दहा पावलांवर उभा होतो. हे गृहस्थ तेव्हा पुण्यात होते आणि त्यांनी जे पाहिले ते फोनवर, अर्ध्या मिनिटाचे. मी त्यांना तिथेच गप्प केले. मंडपात आवाज चढवणे शोभले नाही, असे माझ्या मुलाचे मत पडले. असेल. तिथे जे पुरते बोलता आले नाही, ते येथे लिहितो.

लासुर्ण्याच्या अलीकडे, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून, गाड्या धुण्याचे एक केंद्र आहे. बाहेरून गाडी धुण्याचे काम मालक पंपाच्या फवाऱ्याने करी. आतले सगळे काम शकूमावशीचे. पन्नाशी ओलांडलेली, किरकोळ अंगाची बाई. अंबाड्यात फुलाऐवजी दात घासायचा मऊ ब्रश खोचलेला. काम सुरू करताना तो उपसून काढायची आणि संपल्यावर धुऊन, झटकून पुन्हा जागच्या जागी खोचायची.

माझी तिची ओळख भांडणाने झाली. न्यायालयाच्या कचेरीत तीस वर्षांहून अधिक नोकरी केलेल्या माणसाच्या आवाजात मी तिला फर्मावले, “पुढचे ते काळे प्लास्टिक चकचकीत करून द्या.”

“चकाकी पायजे आसंल तर त्येल चोपडणारे लई हायती, आबा,” ती म्हणाली. “माझ्याकडं निस्तं स्वच्छ करून मिळंल.”

मी वाद घातला. तिने माझे बोट धरून त्या खरबरीत प्लास्टिकवरून फिरवले. “ह्येला म्हशीच्या कातडीवाणी सुरकुत्या हायती. वरनं फडकं मारलं की धूळ सुरकुतीत दडती. त्यावर त्येल लावलं की तिचा चिखल. मग तुमी म्हणणार, गाडी जुनी झाली.” नंतर तासभर ती त्या एवढ्याशा पट्टीशी झटत होती. आधी दाढीच्या कोरड्या ब्रशाने धूळ उठवली, मग पिळून जवळजवळ कोरड्या केलेल्या फडक्याने टिपली, कोपऱ्यांत अंबाड्यातला ब्रश चालवला. कुणीतरी पूर्वी लावलेला साबण सुरकुत्यांत वाळून पांढरा पडला होता, तोही उकरून काढला. पट्टी चमकत नव्हती. शोरूममधून आणली तेव्हा होती तशी, मंद काळी दिसत होती. वादात मी सहसा हरत नाही. त्या दिवशी हरलो आणि पुढे दर पंधरवड्याला गाडी घेऊन जाऊ लागलो.

“आदी कोरडं, मग वलं,” हा तिचा कायदा, आणि हळदीच्या बाबतीत तर तो मोडायला सक्त मनाई. आपल्याकडे नवी गाडी घेतली की ती मोरगावला जाते, तिथून जेजुरीला जाते आणि भंडारा उधळून घेऊन घरी येते. ती हळद आतल्या काळ्या प्लास्टिकच्या रेघारेघांत भरून बसते. शकूमावशी ती पाण्याचा थेंब न लावता वर्तमानपत्रावर झाडून घेई, पुडी बांधी आणि गाडीवाल्याच्या हातात देई. “घ्या, तुमच्या देवाचं हाय. गटारीत कशाला जायाचं?”

एकदा एकाने तिला डिवचले, “मावशे, तुमी तर देव मानत न्हाय. मग एवढं जपता कशापायी?”

“मी न्हाय मानत. गाडीवाला मानतो न्हवं? त्याचं हाय त्ये त्याला दिलं.”

आता तो दिवस. त्या आठवड्यात जवळच्याच एका रस्त्यावर मोटारीने एका सायकलवाल्याला उडवले होते. माणूस गेला, मोटार सापडली नव्हती. त्याला आधी गाडीत घेतले आणि प्राण गेल्यावर खाली ठेवून पळाले, अशी वदंता होती. अशात एक नवी कोरी गाडी भंडाऱ्याने माखून केंद्रावर आली. शकूमावशी दवाखान्यात गेली होती. गाडीवाल्याला घाई. मालकाने सोडा घातलेले साबणाचे पाणी स्वतःच दाराच्या आतल्या बाजूला मारले. ज्या घरात कपडे हाताने धुतात तिथे कोणालाही विचारा, हळदीला साबण लागला की काय होते. काळ्या सुरकुत्यांतून लाल ओघळ निघाले. पांढरा फडका लालभडक झाला. समोर चहा पीत बसलेला एकजण “आरं, रगत!” म्हणून ओरडला आणि त्याने फोन बाहेर काढला. त्याचे ते चित्रण लाल फडक्यापाशी संपते. मी मात्र तिथेच थांबलो होतो.

शकूमावशी आली तेव्हा माणसे जमू लागली होती. मालक घामाघूम. “मावशे, पूस आदी! गर्दी व्हायच्या आत पूस!” गाडीवाला हात जोडून, “हळद हाय वो ती, आईच्यान हळद हाय!”

“मला ठावं हाय हळद हाय,” ती म्हणाली. “पर आत्ता पुसली तर जलमभर रगतच ऱ्हाईल. गेलेल्याच्या घरच्यांना बोलवा. पोलीस पाटलाला बोलवा. त्यांनी बघितल्याबिगर ह्या दाराला कुणाचा हात लागू द्यायची न्हाय मी.”

“तुला हितं काम करायचं हाय का न्हाय?”

“करायचं हाय. मान खाली घालून न्हाय.”

तिने बादली पालथी घातली आणि उघड्या दारासमोर तिच्यावर बसली. लोक टोमणे मारत होते, मालक शिव्या देत होता. पाऊण तास ती उठली नाही.

पुढे काय झाले ते आधी सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मालकाने “येऊ नको” असा निरोप धाडला. ती नेहमीच्या वेळेला हजर झाली. ते अर्धे चित्रण गावोगाव फिरत राहिले. काही गाडीवाले तिच्या हाती गाडी देईनात. लेक रडून म्हणाली, “आई, सोड ते काम.” शकूमावशीचे उत्तर मी स्वतः ऐकले आहे : “सोडलं तर त्यांना खरं वाटंल.” दुखण्याने अंथरूण धरेपर्यंत तिने ते सोडले नाही. आणि खरी मोटार आजतागायत सापडली नाही, म्हणून ही खोटी गोष्ट जिवंत आहे.

परंतु तो पाऊण तास संपला तेव्हा पोलीस पाटील आले आणि त्यांच्यासोबत गेलेल्या माणसाचा थोरला भाऊ आला. भाऊ दारापाशी उभा राहिला. त्या लाल ओघळांकडे बघत राहिला. मग तो एवढेच म्हणाला, “बाई, माझ्या भावाचं हाय का ह्ये?”

शकूमावशी गाडीच्या पुढे गेली. पूजेच्या वेळी तिथे बांधलेल्या लिंबू-मिरचीतले लिंबू तिने तोडले, दाताने चिरले आणि दारावर पिळले. लाल ओघळ सर्वांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. भावाने त्यावर बोट फिरवले, वास घेतला. त्याची मान खाली गेली. त्याने हात पुढे केला. “फडकं द्या इकडं.”

तिने दिले. तेव्हा त्या गृहस्थांनी, आणि ते चित्रण पाहिलेल्या प्रत्येकाने, हे नीट ऐकून ठेवावे : त्या दारावरचा डाग शकूमावशीने पुसलाच नाही; तो गेलेल्या माणसाच्या सख्ख्या भावाने, स्वतःच्या हाताने पुसला.