कौलाला संवाद नको

माझ्या मुलीने तयार केलेल्या व्हिडिओ गेमवर चित्रपट काढण्याचा करार झाला, तेव्हा त्यात एक कलम मी वकिली हट्टाने घालून घेतले: कथेच्या गाभ्यात बदल करायचा असल्यास तिची लेखी संमती आवश्यक. निर्माते हसले. पुढे पटकथा हाती आली आणि माझा संताप अनावर झाला.

गेममधली गोव्यातल्या कोरगावची मुलगी वडिलांची काजूबाग विकू का, असा कौल देवीला लावते. ओल्या पाकळ्या पाषाणावर चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीचे ऐकायचे की नाही, हे मात्र खेळणाऱ्याने ठरवायचे. पटकथेत कौलच नव्हता. नायिका बागेत उभी राहून दोन पाने भाषण करीत होती!

मी दिग्दर्शकांना सात पानांचे पत्र लिहिले. मुलगी म्हणाली, "पपा, न वाचलेल्या कागदावर तुम्ही कधी सही केलीत? मग आधी गेम खेळा."

चार दिवस खेळलो. गेममधल्या चोपड्याच्या नदीत दोनदा बुडालो. मग पत्राला आठवे पान जोडून ते रवाना केले.

दिग्दर्शक मुंबईहून धावत आले. "काका, गेममध्ये बटण असतं. थिएटरात प्रेक्षकाच्या हातात काय देऊ, पॉपकॉर्न?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते, म्हणून मी अधिकच चिडलो. "उद्या सकाळी आमच्या देवीच्या देवळात या," एवढेच म्हणालो.

त्या सकाळी मये गावचे एक कुटुंब मुलीच्या लग्नाचा कौल घ्यायला आले होते. गुरवाने गाऱ्हाणे घातले, मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि मग कोणी हलेना. पाकळी थरथरत राहिली. अखेर उजवी पडली, तेव्हा दिग्दर्शकांनी हुश्श करून श्वास सोडला.

"काका, इथे संवाद लिहिणं म्हणजे गुन्हा आहे."

"हे लेखी द्या," मी म्हणालो.

त्यांनी दिले. भाषण गेले, कौल आला. मुलीने ताठ मानेने संमतीपत्रावर सही केली.

चित्रपट आम्ही म्हापशात पाहिला. पडद्यावर पाकळी थरथरू लागली आणि मागून एक बाई पुटपुटली, "पड गो बाय, उजवी पड!"

"उजवी कित्याक?" तिची शेजारीण उसळली. "बाग विकून खातली काय?"

मुलीने माझा दंड घट्ट धरला. थिएटरात बोलू नये, असा नियम आहे आणि आयुष्यभर मी तो इतरांना सुनावत आलो आहे. मी मागे वळलो आणि मोठ्याने म्हणालो, "डावीच!"