कड्याखालची उघडी जागा

राष्ट्रीय उद्यानाच्या शेवटच्या तळावर जी बाई मुक्कामाच्या परवानगीच्या चिठ्ठ्या देते, तिला सगळे आत्या म्हणतात. खरं तर ती आत्या एकाच मुलीची, तिच्या भावाच्या लेकीची. पण ती भाची याच उद्यानात गवत मोजायच्या नोकरीला लागली, कचेरीभर ‘आत्या, आत्या’ करत फिरली, आणि महिन्याभरात वयानं मोठे असलेले साहेबसुद्धा फोनवर ‘आत्या आहेत का?’ असं विचारू लागले. आत्याची काही हरकत नव्हती. नातं चिकटलं की चिकटलं.

तिची चौकी लाकडाची, एका खोलीची. खिडकीखाली चिठ्ठी भरायला एक फळी, फळीला दोरीनं बांधलेली पेन्सिल. मागे खाट, स्टोव्ह, आणि लोक विसरून गेलेल्या मोज्यांची एक तार. पुढे नळ, संडास आणि नंबर घातलेल्या जागा; कुटुंबवाले तिथे तंबू ठोकून मुकाट राहतात. ज्यांना ते मिळमिळीत वाटतं, त्यांनी आत्याकडून चिठ्ठी घ्यायची आणि दोन तास चढून वरच्या कुरणात जायचं. तिथे नळ नाही, नंबर नाही. सूर्य डोंगराआड गेल्यावर तंबू उभारायचा, सकाळी ऊन अंगावर यायच्या आत गुंडाळायचा, आणि एका जागी एकच रात्र.

हा शेवटचा नियम आत्या पाढ्यासारखा म्हणून दाखवायची. "एका रात्रीचं दबलेलं गवत दोन दिवसांत उभं राहतं. दुसऱ्या रात्री दबलं की महिना घेतं. तिसऱ्या रात्री त्याला वीट येतो." कुणी दात काढले की ती चिठ्ठी परत घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

सव्वीस वर्षांत तिनं हजारोंना वर पाठवलं, पण स्वतः एक रात्र काही वर काढली नाही. कुणाचा पाय मुरगळला, कुणी वाट चुकलं, तर रात्री चौकीत माणूस हवं. मग ती सकाळी जायची. वरचे सगळे उतरून आले की खिडकी बंद करायची आणि तपासणीला निघायची. कुरणात पोचेपर्यंत दव सुकलेलं असायचं. कागदाचा कपटा राहिलाय का, कुणी चूल पेटवली का, हे बघून झालं की ती कड्याखाली यायची. ती जागा सगळ्यांत चांगली. वारा लागत नाही, आणि पायांशी सगळी दरी. तिथे गवतात आदल्या रात्रीच्या, नाहीतर परवाच्या तंबूचा चौकोन उमटलेला असे. त्यात आत्या जरा पाठ टेकायची.

जरा म्हणजे चांगला अर्धा तास. डोळ्यांवर हात घेतला की तिला स्वप्नं पडत. कधीच न पाहिलेलं घर, त्याचा वळणाचा जिना. निळ्या कपाटाच्या स्वयंपाकघरात कुणीतरी पाठमोरं उभं राहून गुणगुणतंय. एका लांबलचक होडीत तिची सगळी माणसं, गेलेलीसुद्धा, दाटीवाटीनं बसलीयत आणि तिला सरकून जागा करून देतायत. ही स्वप्नं आपली नव्हेत, असं तिचं पक्कं मत होतं. रात्री इथे झोपलेल्यांची ती उरलेली. लोक मोजे विसरतात, मग स्वप्नं का नाही विसरणार? ती उठायची तेव्हा अंग हलकं झालेलं असायचं, आणि उतरताना पायांखालची वाट कुणीतरी आपल्यासाठी हळूहळू उलगडतंय असं वाटायचं.

यंदा मोसमाच्या सुरुवातीला भाची मापाची लाकडी चौकट घेऊन वर गेली आणि तोंड पाडून खाली उतरली.

"आत्या, कड्याखाली माती उघडी पडलीय. मोसम संपेपर्यंत गवत धरलं नाही तर साहेब वरचं कुरणच बंद करणार. तंबूच नकोत म्हणतायत."

कुरण बंद म्हणजे खाली नुसते नळ आणि नंबर. मग आपण इथे करायचं काय? आधी आत्या भडकली ती लोकांवर. "एक रात्र सांगितली की चोरून दोन राहतात मेले!" मग कामाला लागली. जागेभोवती चार दगड मांडून दोरी बांधली. सहा आठवडे त्या जागेची चिठ्ठी कुणाला म्हणून दिली नाही; एका नवविवाहित जोडप्यानं हात जोडले, तरी नाही. आणि रोज सकाळी ती न चुकता बघायला जायची. दोरी ओलांडून, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी तिथे बसायची. बसल्यावर आडवी व्हायची. तंबू थोडाच होता तिच्याजवळ!

तिथे कुणी झोपत नव्हतं, तरी स्वप्नं येतच राहिली. तेव्हाच तिला कळायला हवं होतं. पण गोड झोपेला कोण प्रश्न विचारतं?

सहा आठवड्यांनी दोघी मिळून वर गेल्या. दोरीच्या आत कडेकडेनं गवत आलं होतं, मधली माती तशीच उघडी. भाची गुडघ्यांवर बसून मोजत राहिली. "काही कळत नाही बाई. लांबी पाच फूट, रुंदी दीड. एवढुसा तंबू कुणाचा असतो?"

आत्या चढून दमली होती. बोलता बोलता, सवयीनं, ती खाली बसली आणि मागे रेलली. टाचा दोन खळग्यांत अलगद जाऊन बसल्या. डोकं एका खोलगट जागी टेकलं. सगळं कसं मापाचं, शिंप्यानं बेतल्यासारखं.

भाची आळीपाळीनं तिच्याकडे आणि मापाकडे बघत राहिली.

"कुंपणानंच शेत खाल्लं गं," आत्या शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं पुसलं नाही. जगाला नियम शिकवणारी ती, एका जागी सव्वीस वर्षं लोळली होती.

भाचीनं तक्त्यावर पेन टेकवलं. "कारणाच्या रकान्यात हरणं लिहिते. हरणं बसतात म्हणून. कुरण चालू राहील, आणि तुलाही कुणी अडवणार नाही. कोण बघायला येतंय?"

आत्यानं जरा विचार केला. खोटं बोलू नये अशी काही तिची शपथ नव्हती. पण तिला त्या जागेची दया आली.

"हरणं रोज एका जागी बसत नाहीत," ती म्हणाली. "तेवढी अक्कल असते त्यांना. आण इकडे." आणि रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: तळावरची चिठ्ठीवाली, रोज सकाळी, अर्धा तास.

साहेबांनी ते वाचून म्हणे दोनदा चष्मा पुसला. दोष तंबूंचा नव्हता, म्हणून कुरण चालू राहिलं. तपासणी मात्र भाचीकडे गेली, आणि वर जायचं तर आत्यानंही इतरांसारखी चिठ्ठी घ्यायची असं ठरलं. दबून घट्ट झालेल्या मातीवर गवत यायला, त्या उंचीवर, पाच-सहा वर्षं लागतात. आत्याच्या नोकरीची दोनच उरली होती.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात भाची सॅक घेऊन चौकीत येऊन बसली. "आज मी राहते इथे. तू जा." आत्यानं फळीवर चिठ्ठी भरली. एक माणूस, एक रात्र. जागा: ओढ्याकाठी, कड्याखाली नव्हे. सही तिचीच, मंजुरीही तिचीच.

दुसऱ्या दिवशी ऊन तळावर यायच्या आत ती खाली आली. केसांत गवताची काडी, पाठीवर उसना आणलेला तंबू. भाचीनं चहा पुढे केला.

"झोप लागली ना गं आत्या?"

"नाही गं," आत्या म्हणाली. "दुसऱ्यांच्या जागेत जशी लागायची, तशी स्वतःच्या चिठ्ठीवर नाही लागली."